दातांच्या दवाखान्यात कोकम सरबत

मीरा रोड,
श्रावण वद्य षष्ठी

ती. वन्सं,

पार्सल पोचलं. पोह्याच्या पापडांच्या दोन पुड्या, कुळथाचं पीठ, फणसाची साठं, आमसुलं आणि गोड कोकमाच्या अर्काच्या दोन बाटल्या, सगळं तुमच्या यादीबरहुकूम. बस पहाटे काशीमीऱ्याला आली. रिक्षाचे जाऊन-येऊन एकशे साठ आणि क्लीनरला चहापाण्याचे वीस (त्याने मागितले नव्हते, ह्यांनीच दिले). एका बाटलीचं बूच थोडं पाझरून पापडांची वरची चवड गुलाबी झाली आहे, पण तळल्यावर कोणाला कळणार नाही. तुम्हां उभयतांना वाकून नमस्कार. तो हिशोबानंतर करते आहे म्हणून रागावू नका, आधी पोच आणि मग बाकीचं, असं हल्ली अंगवळणी पडलं आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला बसला का? आशाच्या उलट्या थांबल्या हे वाचून बरं वाटलं, तिला म्हणावं आता मनसोक्त खा. आम्ही इकडे रामरक्षेच्या कृपेने ठीक. पार्सलमधलं तुमचं पत्र ह्यांनी नेहमीप्रमाणे उभ्यानेच मोठ्याने वाचून दाखवलं, मी पोळ्या लाटत होते. आशाच्या बाळंतपणाला दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत पुष्पाला पाठवा असं तुम्ही लिहिलंत, आणि ह्यांनी "पाठवतो की, ती घरीच तर असते" असं तुम्हाला त्याच संध्याकाळी फोनवर कळवून टाकलं. त्याबद्दल शेवटी लिहिते. आधी मी घरी असते का, ते सांगते.

आमच्या सोसायटीत डॉ. समीक्षा म्हणून दातांची डॉक्टरीण राहते (वयाने माझ्या लेकीएवढी, आपल्या क्षितिजाएवढी, पण बोट वर केलं की माणसं तोंड उघडतात). जवळच हाटकेश भागात तिचा दवाखाना आहे. तिथे पुढच्या टेबलावर बसणारी रोशन लग्न होऊन सुरतेला चालली आहे, गणपती झाले की ती जाईल. महिला मंडळाची भिशी मी इतकी वर्षं सांभाळते आणि एक पैसा इकडचा तिकडे झालेला नाही, हे डॉक्टरच्या आईला ठाऊक. त्यावरून मला विचारलं, की महिनाभर रोशनच्या हाताखाली शिका, जमलं तर जागा तुमची. मी देवापुढे चिठ्ठ्या टाकल्या. "हो" ची निघाली. (दोन्ही चिठ्ठ्यांवर "हो" लिहिलं होतं असं क्षितिजा म्हणते, ते खरं नाही. दुसरी कोरी होती.) ह्यांना मी सांगितलं की रोशनच्या जागी कोणी मिळेपर्यंत बसते आहे. ते खोटं नाही, वन्सं. तिच्या जागी मिळणारं ते कोणी मीच असावं, एवढं मात्र मी बोलले नाही.

तर शिक्षण. मी दहावी झालेली, मला वाटलं टेबलाशी बसायचं, नाव लिहायचं आणि नंबर हाकारायचा. पण त्यात केवढं काय काय असतं. फोन तिसऱ्या घंटीच्या आत उचलायचा आणि उचलण्याआधी हसायचं. मी विचारलं, त्याला थोडंच दिसतंय? रोशन म्हणाली, "आंटी, दिखता नहीं, सुनाई देता है." ती नया नगरची, माझ्याशी अर्धं हिंदी आणि अर्धं मराठी बोलते, आणि मी तिच्याशी जे बोलते त्याला काय म्हणायचं ते आम्हा दोघींनाही माहीत नाही. आधी नाव, मग नंबर, मग तकलीफ, हा क्रम. दुखणार नाही असं कधी म्हणायचं नाही, डॉक्टर सांभाळून घेतील असं म्हणायचं. कुठल्या औषधाने अंगावर पुरळ येतं का, साखर आहे का, बीपी आहे का, हे प्रत्येकाला विचारून संगणकात भरायचं. संगणकाची मला भीती वाटली नाही. तो बेरीज स्वतः करतो तेवढं मात्र मनाला लागलं. मी रोज संध्याकाळी ती हाताने पडताळून पाहते, अजून तरी त्याची चुकलेली नाही.

सगळ्यात कठीण गोष्ट म्हणजे कोण कशासाठी आलं ते बाहेर बोलायचं नाही. वन्सं, आमची निम्मी सोसायटी इथे येते. मंडळात एक बाई आहेत, मोदक नेहमी डाव्या बाजूने खातात, आणि आम्ही सगळ्या समजत होतो की तो त्यांचा नखरा आहे. आता मला कारण कळलं आहे आणि मला ते मरेपर्यंत पोटात ठेवायचं आहे. तुम्हालाही सांगणार नाही. (गणपतीला आलात तर त्यांच्या शेजारी बसवीन, तुमचं तुम्ही बघा.)

सहा महिने झाले की लोकांना तपासणीची आठवण करायची असते. रोशनचा एक फोन दोन मिनिटांत उरकतो, माझा लांबायचा. मंडळाच्या हळदीकुंकवाची बोलावणी वर्षानुवर्षं मीच करते, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाची चौकशी केल्याशिवाय मला मुद्द्यावर येताच येत नाही. एका गृहस्थांच्या आईची तब्येत, धाकट्या मुलाची बारावी आणि सुनेची नोकरी एवढं विचारून मी फोन ठेवला आणि दातांचं राहूनच गेलं. पुन्हा केला तर ते म्हणाले, "आई बरी आहे हो, आत्ताच सांगितलं ना."

तर श्रावण लागला, आणि मी माझ्या हुशारीने घात केला. दाढ काढायची किंवा दातात मसाला भरायचा तर आधी सुई देतात, त्याने अर्धं तोंड तासन् तास बधिर होतं, आणि काढलेल्या दाढेवर दिवसभर गरम-तिखट चालत नाही. आता मला सांगा, ज्या माणसाने दिवसभर उपास केला त्याने संध्याकाळी सोडायचा तरी कशाने? म्हणून सोमवार मी कोणालाच दिला नाही. मंगळवारी मंगळागौर, नव्या सुना जागरणाच्या. गुरुवारी दत्ताचे उपास, शुक्रवारी जिवतीची पूजा आणि पुरण, शनिवारी मारुतीचे, आणि रविवारी दवाखानाच बंद. जैन मंडळी तर सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाहीत, म्हणून संध्याकाळही सोडली. कोणाला विचारलं नाही, माझ्या मनानेच सगळं ठरवलं, आणि प्रत्येकाला मोठ्या प्रेमाने सांगत गेले, "तुम्ही बुधवारी सकाळी या." रोशन तो बुधवार धरून आठ दिवस निकाहच्या खरेदीला गेली होती, नाहीतर तिने वेळीच हात धरला असता. सोमवारी डॉक्टर एकटीच बसून नखं बघत होती. मंगळवारी तिने मला विचारलं, "काकू, सगळ्यांचे दात एकदम बरे झाले का?" मी म्हटलं, उद्या बघा.

उद्या तिने बघितलं. दहा वाजता दवाखान्यात बसायला जागा नव्हती, अकराला जिन्यात नव्हती. किनाऱ्यावरच्या चौक गावचे महिपत म्हणून एक म्हातारे कोळी आले होते, बस करून, पुढे रिक्षा करून, दाढेला हात लावून. ते दर पाच मिनिटांनी टेबलाशी येऊन विचारायचे, "बाय, डाक्टर हाय का न्हाय?" मी म्हणायची, आहेत, आहेत. "मंग मी हाय का न्हाय त्यांच्या यादीत?" यादीत सगळेच होते, तोच तर घोटाळा.

अशा वेळी माझं डोकं एकाच तऱ्हेने चालतं, वन्सं. दारात माणसं ताटकळली आहेत, बाहेर दमट उकाडा, आणि कोणाला पाणी विचारलेलं नाही. तुमच्या बाटल्या मी त्याच पहाटे उतरवून घेतल्या होत्या आणि एक डॉक्टरला द्यायला म्हणून पिशवीत आणली होती. मी ती फोडली. थंड पाण्यात, वर चिमूटभर मीठ आणि जिरेपूड (पुडी माझ्या पर्समध्ये असते), आणि दवाखान्याच्या कागदी पेल्यांतून सगळ्यांना फिरवलं. गुजराथी बायकांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. रांग एकदम शांत झाली. मला वाटलं, शाबास पुष्पे.

मग महिपतकाका आत गेले. डॉक्टरने तोंड उघडायला सांगितलं आणि तिला आत सगळं लाल दिसलं. तिने विचारलं, रक्त कधीपासून येतंय? ते म्हणाले, "रगत? माझ्या तोंडात रगत हाय?" आणि खुर्चीतच देवाचं नाव घेऊ लागले. तिने चूळ भरायला लावली तर तीही लाल. त्यांना बाजूला बसवून पुढची बाई घेतली, तिचंही लाल. तिसरा तर नुसता दात साफ करायला आलेला, अजून कोणी हातही लावला नव्हता, त्याचंही तसंच. डॉक्टर मास्क लावून बाहेर आली, चेहरा पांढरा, आणि सगळ्यांना म्हणाली, "मीरा रोडच्या पाण्यात काही आलंय का?" तेवढ्यात तिची नजर माझ्या हातातल्या ट्रेवर गेली.

इतकं होऊन भागलं असतं, पण कोपऱ्यात रुचिता बसली होती. लग्न ठरलेली मुलगी, त्याच सकाळी तिने दात पांढरे करून घेतले होते आणि दोन दिवस दूध, भात, दही असलं पांढरंच खायचं असं तिला बजावलं होतं. ते बजावणं माझ्या टेबलावरच्या कागदात लिहिलेलं होतं, मीच तिला वाचून दाखवलं होतं. पण नवरी मुलगी समोर बसलेली आणि तिला वगळून बाकीच्यांना द्यायचं, हे माझ्या हाताला जमलं नाही. मी तिला आग्रह करून दोन पेले दिले. ती हसली तेव्हा तुमच्या पापडांची वरची चवड आठवली.

रुचिताची आई मला जे बोलली ते मी लिहीत नाही, श्रावण आहे. डॉक्टरने मुलीला पुन्हा आत घेऊन सगळं स्वच्छ करून दिलं. बाकीच्यांना साध्या पाण्याच्या चुळा भरायला लावल्या आणि दुपारची सुट्टी न घेता एकेकाला निस्तरलं. दाढ काढून झाल्यावर महिपतकाका जाताना माझ्याकडे वाकून कापसातून म्हणाले, "सरबत बेस हुतं, बाय. पन पुढल्या टायमाला दाढ काढल्यावं दे."

सगळे गेल्यावर डॉक्टरने मला आत बोलावलं. आत बसायला पेशंटच्या खुर्चीखेरीज काही नाही, म्हणून मी तिच्यावर बसले, आणि डॉक्टरचा पाय कुठल्याशा बटणावर पडला. खुर्ची मागे गेली आणि दिवा तोंडावर आला. मी आजवर अनेक बोलणी खाल्ली आहेत, पण आडवी पडून ही पहिलीच. ती म्हणाली, "काकू, दातांच्या दवाखान्यात साखरेचं सरबत?" मी तोंड उघडलं, पण बोलायचं की दाखवायचं ते कळेना, म्हणून मिटलं. मग म्हणाली, वार पेशंट ठरवेल, तुम्ही नाही. उपास आहे का एवढं विचारा, तो प्रश्न आपल्या फॉर्ममध्ये घालते, मला सुचलं नव्हतं. सरबत बंद. फोन तीन मिनिटं. मी म्हटलं, चार. ती म्हणाली, तीन. रुचिताच्या सफाईचे माझ्या पगारातून कापून घ्या म्हटलं तर तिने हात जोडले. आणि मग दिवा बाजूला करून म्हणाली, "दोन तास थांबून एकही माणूस उठून गेला नाही, हे माझ्याकडे पहिल्यांदाच झालं. गणपतीनंतर तुम्ही कायमच्या येणार का?"

मला होच म्हणायचं होतं, वन्सं. पण मी छताकडे बघत, विचारून सांगते म्हणाले. गणपती बसायच्या आत तिला उत्तर हवं आहे, नाहीतर ती दुसरी मुलगी बघेल.

हे पत्र दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा इथेच बसून लिहिते आहे. कागद माझा आहे. पेन इथलं आहे, पण ते टूथपेस्टवाल्यांनी फुकट वाटलेलं. भावोजींना नमस्कार, आशाला आशीर्वाद.

तुमची,
पुष्पा

ता. क. तुम्ही म्हणाल एवढं लांब पत्र कशाला, फोन करायचा. पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि आमच्याकडे हे समोर.

ता. क. २. आता बाळंतपणाचं. तुम्ही नको म्हटलंत तर मी डॉक्टरला नाही सांगेन आणि दसऱ्याला बॅग घेऊन येईन, मनात काही ठेवणार नाही. पण तुमच्या आळीतल्या मनोरमाबाई तेल लावणं, शेक-शेगडी सगळं फार छान करतात असं तुम्हीच मागे लिहिलं होतंत. त्यांचं जे काय होईल ते तीन महिने मी माझ्या पगारातून पाठवीन. डिंकाचे लाडू आणि दुपटी इथून करून देते, आणि बारशाला चार दिवसांची रजा घेऊन येते. रजा मिळते, मी आधीच विचारून ठेवलं आहे.

ता. क. ३. पटलं तर उलट टपाली दोन ओळी टाका. खोटं काही लिहू नका, एवढंच लिहा की मनोरमाबाईंना सांगितलं आहे आणि पुष्पाने बारशाला यावं. पण पत्र मला पाठवू नका, तुमच्या भावाच्या नावाने घरी पाठवा. ते उभ्याने मोठ्याने वाचतील, मी पोळ्या लाटत असेन, आणि म्हणेन, बरं, वन्सं म्हणतात तर तसं.