समुद्रातल्या नऊ रेघा

११ नोव्हेंबर, मंगळवार. जळगाव.
नसरीनच्या पुस्तकाची कच्ची प्रत कुरियरने आली. माझी जुनी विद्यार्थिनी, आता धुळ्यात स्पर्धा परीक्षांचा क्लास चालवते. छापण्याआधी मी नजर टाकावी, असा हुकूम. टाकली. दक्षिण चीन समुद्र: चीनच्या किनाऱ्यापासून पार बोर्निओजवळ उतरणाऱ्या नऊ तुटक रेघा, आणि नकाशाच्या सूचीत ठळक 'सागरी सीमा'. सीमा! इतके देश जिच्यावरून भांडताहेत ती रेघ या बयेने एका शब्दात चीनला देऊन टाकली. चहा गार. लाल पेन बाहेर.

१२ नोव्हें.
नसरीनला फोन. "या रेघा आल्या कुठून, ठाऊक आहे?" नव्हतं. मग फोनवरच तास घेतला. चीनच्या एका सरकारी समितीने परक्यांच्या नकाशांवरून बेटांची यादी केली. मोजणी केली नाही. पाण्याखालची एक उथळ जागासुद्धा आपली म्हणून यादीत घातली. पुढे सगळ्याभोवती अकरा रेघा ओढल्या, नंतर दोन गाळल्या. अचूक अक्षांश-रेखांश आजतागायत दिलेले नाहीत. याला दावा म्हणतात, बाई.
हसली. "मॅडम, तुम्ही रिटायर झाल्या, तास सुटल्याची घंटा नाही झाली." मग जरा दबकत, "पण मी ते शाळेतूनच घेतलंय. भिंतीवरच्या नकाशावरून. माझ्या वहीत अजून आहे."
कोणा गाढवाचा नकाशा? उद्या बघतेच.

१३ नोव्हें.
शाळा. शिपाई सुका नाना फाटकातच हसला. "नकाशा? सातवीना वर्गमा शे. नवा बठ्ठा फाटी ग्यात, तुमना तेवढा मजबूत शे."
तुमना? नवे सगळे फाटले आणि टिकला तो माझा?
मांजरपाटावर चिकटवलेला, कडेला पट्टी शिवलेली. शिवण माझी. सूचीतलं अक्षर माझं. खालच्या कोपऱ्यात सही, तीही ऐटीत.
नाना म्हणाला, "पानी देऊ का, मॅडम?"

१४ नोव्हें.
आठवलं सगळं. तपासणी यायची होती. चौकटी आखून रद्दीतल्या एका चिनी मासिकातला नकाशा मोठा केला होता. (चिनी मासिक! दावेदाराच्याच घरचा कागद.) त्यात रेघा होत्या, सूचीत त्यांचं नाव नव्हतं. आणि आमच्याकडे नियम: सूचीत नाही ते चिन्ह नकाशावर नको, साहेब शेरा मारतात. रेघा पुसल्या तर खाडाखोड दिसणार. म्हणून नाव घातलं. जे सुचलं ते. साहेबांनी 'उत्तम' लिहिलं.
त्या समितीने निदान बैठक तरी घेतली असेल.
मुख्याध्यापिकांना फोन केला, नकाशा उतरवा. "लेखी अर्ज द्या, मॅडम." दिला. दोन पानी. कारणात 'चूक' लिहिलं, कोणाची ते नाही.

१५ नोव्हें.
कोणाची ते नसरीनलाही सांगितलेलं नाही. कोपऱ्यात फक्त आद्याक्षरांची सही होती, तिने कधी वाचली नसावी.

१७ नोव्हें., सोमवार
तिचाच फोन. "बुधवारी छपाई. 'दावा' करते. पण मॅडम, आधीच्या बॅचेसनी 'सीमा' पाठ केलीय, विचारतील. तळटीप द्या ना, तुमच्या नावाने. आणि अर्पण तुम्हालाच आहे, 'नकाशा वाचायला शिकवणाऱ्या मॅडमना'. चालेल ना?"
"बघू," म्हणाले. मी. बघू!
लहानपणी कॉन्व्हेंटात सिस्टर म्हणत, चूक सांगताना 'पण' म्हणायचं नाही. तळटिपेच्या पहिल्या खर्ड्यात तीन 'पण'. तिन्ही काढले. उरलं ते असं: 'या दाव्याला सीमा हे नाव जळगावच्या शाळेत मी दिलं. ते चूक होतं.' दोन वाक्यं. भूगोल पक्का, मराठी स्वच्छ. यात कोणी एक काना बदलून दाखवावा.
फोनवरून पाठवलं तर मिनिटाचं काम. तिचा चेहराही दिसणार नाही.
धुळ्याची एस.टी. सकाळी साडेसातला आहे.