शेवटचा फर्मा तुमच्या ताईंकडे

प्रिय मेहुणेबुवा,

सप्रेम नमस्कार. तुमची कंबर आता तुमचं ऐकू लागली असं कळलं, बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. तुमच्या ताई ठणठणीत आहेत. माझ्याशी बोलत नाहीत, एवढंच.

त्याचं असं झालं. उन्हाळ्यात माझ्या बाइंडिंगच्या कामाला मंदी असते. (हे काम मी कुणाच्या हाताखाली शिकलेलो नाही. जुनी पुस्तकं उसवून उसवून माझा मीच शिकलो, आणि आजवर माझ्या हातून एक पान उलटं लागलेलं नाही.) अशात एक निवृत्त नर्सबाई जुनी कादंबरी घेऊन आल्या. पानं पिवळी, पाठीचा दोरा कुजलेला, मुखपृष्ठावर छत्रीवाली मुलगी. दर उन्हाळ्यात वाचते, शनिवारी हवी, म्हणाल्या. मी कादंबऱ्या वाचत नाही हे तुम्ही जाणताच. पण उसवल्यावर पानांचा क्रम तपासावा लागतो, आणि क्रम तपासायचा तर वाक्य कुठून कुठे जातं ते पाहावं लागतं. ते पाहता पाहता दोन फर्मे संपले. (फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. तुम्ही बँकेतले, म्हणून सांगून ठेवतो.)

गोष्ट साधीच. थंड हवेच्या गावी एक गाणं शिकवणारी मुलगी राहायला येते; शेजारी गुरांचा डॉक्टर, तिरसट पण मनाचा चांगला. धुकं पडतं, किटली उकळते, कुणीही मरत नाही. भर दुपारी पंख्याखाली घामाघूम बसून मला पांघरूण घ्यावंसं वाटलं, आता बोला!

वाचून झालेला फर्मा मी वजनाखाली ठेवायचो. तो तिथून नाहीसा व्हायचा आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून नाक ओढल्याचा आवाज यायचा. पुढे तुमच्या ताईंनी मला गाठलं आणि मागेही टाकलं (बोटाला थुंकी लावून पान उलटतात, त्याने वेग येतो, पानाच्या कोपऱ्याचं काय होतं यावर मी बोललो नाही). जेवताना आम्ही डॉक्टरबद्दल बोलू लागलो. लग्नानंतर आमचं एवढं बोलणं झाल्याचं मला तरी आठवत नाही.

मग ती वेल आडवी आली. डॉक्टर मुलीची वेल न विचारता छाटतो आणि ती त्याच्याशी बोलणं टाकते. मी एवढंच म्हणालो, की वेल त्याच्या खिडकीवर आली होती, तेव्हा चूक मुलीची.

"विचारलं असतं तर जीभ झिजली असती का त्याची?"

"अगं, पण खिडकी त्याची!"

"आणि फळी कुणाची होती?"

संपूर्ण कादंबरीत फळी कुठेही नाही. (तुमच्या वडिलांनी ताईंना दिलेल्या शिवणाच्या टेबलाची मधली फळी मी गेल्या महिन्यात पुस्तकं दाबायला घेतली, इतकंच. न वाकणारी सागवानी फळी हल्ली मिळते कुठे?) तेव्हापासून शेवटचा फर्मा ताईंच्या ताब्यात आहे. 'चुकलो' म्हणा आणि घेऊन जा, एवढं सांगून त्यांनीही बोलणं टाकलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा शब्द कधी लागलाच नाही. एकाएकी तोंडात कसा बसणार? आणि फर्म्याविना पुस्तक दिलं तर माझ्या कामाची अब्रू ती काय राहिली?

असो. कमरेला जपा. वाकून काही उचलू नका.

तुमचा,
ताईंचा नवरा

ता. क. तुम्ही ताईंचे लाडके. पत्र मिळताच फोन करा आणि इकडचं तिकडचं बोलत फर्मा कुठे दडवलाय तेवढं काढून घ्या. पुढे त्या दोघांचं जमतं की नाही, हेही विचारा. (केवळ क्रम तपासण्यासाठी.)

ता. क. २. फोन नको. पत्र टाकायचं राहिलं आणि शनिवार उजाडला. नर्सबाईंना दुपारी या म्हणून सांगितलं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणालो एकदाचं. हातातल्या फळीकडे बघून म्हणालो, पण म्हणालो. पिठाच्या डब्यामागून फर्मा निघाला. उघडतो तर पहिल्याच पानावर ती मुलगीच डॉक्टरची क्षमा मागते! मी ते पान ताईंपुढे धरलं. "माहितेय," त्या म्हणाल्या, "म्हणूनच लपवला. आधी हे वाचलं असतंत, तर या जन्मी तो शब्द मला ऐकायला मिळाला असता का?" फळी टेबलाला परत बसवली आहे.

ता. क. ३. तुमच्याकडे असली एखादी कादंबरी बाइंडिंगला असेल तर पाठवा. शिवण धडधाकट असली तरी चालेल, उसवायला मी समर्थ आहे. फक्त शेवटचा फर्मा माझ्याकडे राहील, एवढं ताईंना तुम्हीच कळवा.