खाली म्हणजे नक्की कुठे

सोम. ३ नोव्हें.
जिन्यात पुन्हा पाय मुरगळला. हातात मेथीची जुडी, तिसरा मजला अजून लांब. तळमजल्यावरच्या सोनीजींनी धरून वर आणलं. "आंटीजी, अब नीचे का घर देखो." शिवाय पुण्याला माझ्या मुलाला, मंदारला फोनही केला. मी करणार नव्हते.

शुक्र. ७
मुलगा-सून हजर. मंदारने पर्याय मांडले. एक, त्यांच्याकडे, बाविसावा मजला. दोन, पुण्याजवळचं सीनियर लिव्हिंग. "आई, तिथे डॉक्टर आहे, योगा आहे." पोह्यांवर शेव घालू का, मी विचारलं. "आई, सीरियसली ऐक ना!" तीन, इथलंच बायपासकडचं वृद्धनिवास.
मला कुठेच जायचं नाही. पण जिन्याची आता भीती वाटते, हेही खरं.

शनि. ८
वृद्धनिवासाला फोन गौरीने केला. सून पक्की पुण्याची, हिंदीही पुण्याचीच. "भैयाजी, रूम खाली चाहिए. खाली है ना?" तिकडून, "एकदम खाली है, मैडम!" बाई खूश, तळमजला मिळाला!
जन्मभर शाळेत हिंदी शिकवली मी. हिंदीतलं 'खाली' म्हणजे रिकामं. पण मौनं सर्वार्थसाधनम्.

रवि. ९
खोली बघायला गेलो. रिकामी होती. चौथ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. मॅनेजर म्हणे, "आपने खाली बोला, हमने खाली रखा."
मला इतकं हसू आलं की पहिल्याच पायरीवर बसले. गौरीने रोखून पाहिलं. "आई, तुम्हाला कळलं होतं ना?" आधी फणफणली, मग शेजारी येऊन बसली. "तुम्हाला घर सोडायचंच नाहीये का?"
नाही, म्हटलं. बोलून मोकळी झाले. 

सोम. १०
सकाळी सोनीजी पोहे घेऊन आले. त्यांच्या मुलाने फ्लॅट घेतलाय, ते तिकडे चाललेत. "आंटीजी, नीचे वाला खाली हो रहा है."
गौरी ताडकन उठली. "खाली म्हणजे? नीट सांगा!"
"खालचं, खाली," मी म्हटलं.
माझं नि सोनीजींचं, दोन्ही भाड्याची घरं एकाच मालकाची. मंदार चहा अर्धवट सोडून त्याच्याकडे पळाला. मालक तऱ्हेवाईक, त्यातून पुतण्याला जागा द्यायची म्हणत होता. देवा गणराया, एवढं कर.
पोहे तसेच. शेव मऊ पडली.
आत्ता जिन्यात मंदारची पावलं वाजतायत. फार सावकाश चढतोय. मालक नाही म्हणाला, की हा नुसताच दमलाय?