तापलेला लेझर अन् कामरगावची जीप

बाबा, माहा लेझर तापल्यावरही चालला. तुमाले हे सांगायचं होतं म्हणून लिहून राह्यली. तुमी गेले तवा मी सातवीत होती, अन् लेझर म्हणजे आपल्यासाठी जत्रेतली लाल बत्ती. आता मी पीएचडी करून राह्यली, अन् माहा लेझर तिळाहून बारीक आहे. त्यात क्वांटम डॉट असतात, म्हणजे डोळ्याले न दिसणारे ठिपके. करंट सोडला की ठिपक्यांतल्या जागा कणांनी भरत जातात, अन् पुरेशा भरल्या की मंगच लेझर पेटतो.

अडचण गरमीची. लेझरची चिप तापली की कण खालच्या जागा सोडून वर पळतात, मंग करंट वाढवत बसा. म्हणून मी डोपिंग केलं, म्हणजे चिप बनवतानाच डॉटच्या आजूबाजूले दुसऱ्या धातूचे थोडेसे अणू मिसळले. त्यानं जास्तीचे कण आधीपासूनच हजर राह्यतात. पण एसीच्या खोलीत मोजलं तर डोपिंगवाल्यालेच पेटायला जास्त करंट लागला! पीएचडीच्या कमिटीतले सर म्हणाले, "यानं तर बिघडलंच. बंद करा, दुसरा विषय घ्या." माही इतक्या वर्षांची मेहनत. मी म्हटलं, सर, एकदा तापवून मोजू द्या, मंग बंद करा.

परवा त्यांच्यासमोरच मोजलं. चिप तापत गेली तसा साधा लेझर करंट मागत सुटला. डोपिंगवाला जागचा हालला नाही. शेवटी शेवटी तर साध्यापेक्षा कमी करंटात चालून राह्यला होता. सर म्हणाले, "असं काहून?" मी सगळं इंग्लिशमधी पाठ केलं होतं, ऐन वेळी एकही शब्द आठवंना. डोळ्यापुढं आली ती तुमची कारंज्याच्या सवाऱ्यांची जीप.

मे महिन्याची दुपार, कामरगावचा स्टँड. भरल्याशिवाय तुमी जीप काढत नाही, अन् पत्रा असा तापला की दोघं बसले का एक उतरून निंबाखाली जातो. म्हणून तुमी मले, आत्याले अन् तिच्या पोराईले घरूनच आणून मागं बसवलं आहे. मी कुरकुरते, "बाबा, आमाले कायले? आमाले कारंज्याले जायचंच नाही!" तुमी डाफरता, "चूप बस माय. दोन उतरले तरी जीप भरलेली पाह्यजे." आत्या म्हणते, "अन् आमच्या वजनाचं डिझेल कोण भरन, तुहा सासरा?" तुमी हसता अन् गिअर टाकता.

मी तेच सांगितलं. जास्तीची माणसं म्हणजे डोपिंग. थंडीत कोणी उतरतच नाही, तवा ती नुसतं ओझं. उन्हात त्यांच्यामुळंच जीप निघते. अन् लई कोंबली तर जीप चढावर दमते, म्हणून डोपिंगही बेतानंच. सरांनी दोन्ही लेझरचे आकडे पुन्हा पाह्यले. मंग म्हणाले, "चालू ठेवा. किती कोंबायचे ते शोधा आता."

बाहेर येऊन मी पायऱ्यांवर बसली. इतकं हलकं मले बारावीच्या निकालालेही वाटलं नव्हतं.

आता घरी आली आहे. हे पत्र कुठं टाकणार, लिहून झालं तेच लई. आई मघापासून विचारून राह्यली, "चार दिवसांसाठी एवढ्या बॅगा कायले आणल्या वं?" मी म्हटलं, कपडे धुवाले. तिले नाही सांगितलं, तुमाले सांगते. मोजायला जायच्या आधीच मी होस्टेलची खोली रिकामी केली होती.