आमचे हे मोकांच्या पितरांत

सॅन फ्रान्सिस्को,
मार्च १९३५

ती. वन्सं यांना आग्नेसचा वाकून नमस्कार.

आपले गुडघे कसे आहेत? माझे विचारू नका. जन्मभर इस्त्रीपुढे उभे राहिले, आता लाँड्री बंद झाली तरी त्यांना बसायला जमत नाही.

आपल्या धाकट्या भावाच्या अस्थी अजून कशा पोचल्या नाहीत, असं आपण विचारलंत. पोचल्या, वन्सं. सुखरूप पोचल्या. फक्त दुसऱ्यांच्या गावी.

इथे जन्मलेल्या कुणा मोकचा मुलगा म्हणून विकतच्या कागदांवर हे या देशात उतरले, हे आपण जाणताच. (कामकरी चिन्याला खऱ्या नावाने कोण उतरू देतो?) पुढे जन्मभर बाहेर मोक, घरात आपलं खरं आडनाव यी. मरतानाही मला बजावलं, "दगडावर मोकच लिही. नाहीतर तुला बोटीत बसवून परत धाडतील." मी लिहिलं. यंदा इथल्या चिनी मंडळाच्या माणसांनी, मेलेल्यांना मूळ गावी धाडायच्या रिवाजाप्रमाणे, थडगी उकरली, हाडं धुतली, पत्र्याच्या पेटीत भरली आणि दगड वाचून पेटी मोकांच्या गावी रवाना केली. सिस्टरांनी कॉन्व्हेंटात शिकवलेला सगळा विनय दाराबाहेर ठेवून मी मंडळात शिरले, तर चिटणीस म्हणतो, "काकू, हाडांवर काय आडनाव असतं?"

आमच्याकडे प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरमागे शाईची खूण असे. गोऱ्यांचे एवढे सदरे धुतले, एकही कधी परक्या घरी गेला नाही. गेला तो धुणारा.

मोकांना लिहिलं. ते कळवतात, पेटी वाजतगाजत पुरली, डुक्कर भाजून नैवेद्य दाखवला, आता आलेला पितर परत देणार नाही. वर म्हणे, हे आल्यापासून त्यांच्या आटलेल्या विहिरीला पाणी आलं! (आमच्याकडे यांच्या हातून साधा गळका नळ दुरुस्त झाला नाही.)

तरी आपण दोघा धिप्पाड पुतण्यांना घेऊन जा, भांडा, पण यांना घरी आणा. जेवणाआधी यांना सूप लागतं, हे त्या परक्यांना कोण सांगणार?

आपली,
आग्नेस

ता. क. डॉक्टरांनी काल माझी छाती तपासली आणि फी घेतली नाही. लक्षण बरं नव्हे.

आणखी ता. क. माझ्याही दगडावर मोकच येणार. तेव्हा भांडू नका. पुतण्यांना घरीच ठेवा. भाजलेलं डुक्कर न्या, गोड बोला आणि यांच्या शेजारची जागा माझ्यासाठी राखायला सांगा. डावीकडची. इस्त्रीच्या टेबलाशी मी तिथेच उभी असे.