तिसऱ्या कप्प्यातल्या मुळ्या

१४ जुलै, सोमवार

करांगोलाला, लहानपणीच्या गावी, पोहोचले. डोना इराइदे फाटकातच उभ्या. "किती वाळलीस, निसे! मास्तरणींना उपाशी ठेवतात का शहरात?" तोंड धुवायच्या आत पुढ्यात कॉफी आणि चीजचे पाव.

रविवारी त्या आपल्या मुलाकडे व्हितोरिया शहरात जाणार. कायमच्या. घर रिकामं करायचंय. शाळेला हिवाळ्याची सुट्टी आहे म्हणून मी आले – खरं म्हणजे आभार मानायला. सत्तावीस वर्षं राहून गेलंय.

१५ जुलै, मंगळवार

गॅरेज उघडलं. इथंच त्यांचं व्हिडिओ गेमच्या कॅसेटी भाड्यानं द्यायचं दुकान होतं. रिकाम्या फळ्या. भिंतीवर पुठ्ठा अजून तसाच, त्यांच्याच अक्षरात: "दुसऱ्याचा कप्पा पुसणाऱ्याला महिनाभर बंदी." कप्पा म्हणजे कॅसेटमध्ये ज्याचा त्याचा अर्धवट खेळ साठून राहायची जागा.

मुलं मला फुटबॉलच्या गेममध्ये सगळ्यात रद्दी संघ द्यायची. गाड्यांच्या शर्यतीत माझा नंबर आलाच तर शेवटी. मग डोना इराइदेंनी 'सात मनोरे' हातात ठेवली. "ही हल्ली कोणी नेत नाही. इंग्रजी वाचावं लागतं."

शब्दकोश मांडीवर घेऊन खेळायचे. पहिलं समजलेलं वाक्य: पूल तुटला आहे, दुसरी वाट शोध. अकरा वर्षांची होते. वाक्यामागे काहीतरी उघडतं, हे तिथं कळलं. पुढचं सगळं – पुस्तकं, कॉलेज, नोकरी – त्या तुटक्या पुलावरून आलं.

१६ जुलै, बुधवार

'सात मनोरे' सापडली! खोक्याच्या तळाशी. जुना टीव्ही, जुना कन्सोल. कॅसेटमध्ये फुंकर मारली. दोनदा. चित्र आलं.

तीन कप्पे. पहिले दोन मुलांचे. तिसरा – निसे. सातवा मनोरा. खेळलेले तास: एक्क्याण्णव.

ओरडलेच. डोना इराइदे घेवडा निवडत होत्या. "काय झालं? पाल?"

१७ जुलै, गुरुवार

वाल्देसीर आला. तेव्हा पहिला कप्पा त्याचा होता. आता रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. त्यानं कॅसेट उलटीपालटी केली. "आत नाण्याएवढा सेल असतो. एवढा टिकलाच कसा! तो संपला की कप्पे रिकामे. बदलायला काढला तरी रिकामे. खेळायचं ते आत्ता खेळ."

खेळातला शेवटचा राजा राहिलाय. आम्ही गाव सोडलं त्या आठवड्यात मी त्याच्या दारात होते. रविवारच्या आत त्याला पाडायचं, डोना इराइदेंच्या डोळ्यांसमोर. ते माझे आभार.

१८ जुलै, शुक्रवार

राजासमोर चार वेळा मेले.

त्या एक्क्याण्णव तासांचा हिशेब लागत नाही. कॅसेट शुक्रवारी घ्यायची, सोमवारी परत. आई शनिवारी दोन तास द्यायची, रविवारी प्रार्थनेहून आल्यावर दोन. पाच महिने, म्हणजे वीसेक आठवडे. फार तर ऐंशी होतात. त्यातही आजारपण, पाहुणे.

वाल्देसीरला विचारलं, "माझ्या कप्प्यात तू खेळायचास?"

"मी? डोना इराइदेंनी कान उपटून हातात दिले असते!"

मग आठवलं. शनिवारी कॅसेट लावली की माझ्या पिशवीत मुळ्या जास्त असायच्या – जखमा भरणाऱ्या, दलदलीत एकेक शोधाव्या लागतात. मला वाटायचं, यंत्र बंद असताना त्या आत उगवतात. मळ्यातल्यासारख्या.

वाल्देसीर हसून हसून खाली बसला. "माझ्या कप्प्यात एक उगवली नाही कधी! डोना इराइदे, ऐकलंत का?"

"मला त्यातलं काय कळतं," त्या म्हणाल्या आणि घेवड्याचं पातेलं घेऊन आत गेल्या.

१९ जुलै, शनिवार

दुपारभर खेळले. राजाचे अर्धे प्राण काढले – आणि मुळ्या संपल्या. शून्य. पुन्हा जमवायच्या तर दोन तास चिखलात. सामान बांधायचं बाकी.

"जाऊ दे," मी म्हणाले.

"एवढी वर चढून आलीस आणि जाऊ दे?"

"हात म्हातारे झाले, डोना इराइदे."

"माझे बघ आणि मग बोल." त्यांची बोटं वाकडी झालीयत. कप धरायला दोन्ही हात लागतात.

मग बोलून टाकलं. आभाराचा कागद लिहून आणला होता, तो काढलाच नाही. म्हटलं, दर वर्षी नव्या वर्गाला सांगते – मी एकटी होते, कोणाची मदत नव्हती, तरी सातव्या मनोऱ्यापर्यंत गेले. तुम्हालाही जमेल. ती कॅसेट तुम्ही दिलीत.

त्यांनी कप दोन्ही हातांनी खाली ठेवला. मग: "सांगत जा. चांगली गोष्ट आहे."

२० जुलै, रविवार

सकाळी वाल्देसीरच्या ट्रकमधून फळ्या चर्चला पोहोचवल्या. परत येईपर्यंत साडेदहा. घरात त्या एकट्याच, टीव्हीसमोर शेवटच्या उरलेल्या खुर्चीत, हात शेकाच्या पिशवीवर.

"दुखतायत?"

"थंडी आहे."

बसपाशी मिठी मारली. कन्सोल, कॅसेट मलाच दिली. "आज घरी गेलीस की लाव. आजच. तो सेल काय सांगावा!"

२० जुलै, संध्याकाळ

जुइझ द फोरा. घरी पोहोचले. बॅग तशीच दारात. कॅसेट लावली.

तिसरा कप्पा. मुळ्या – नव्व्याण्णव.

फोन केला. "तुम्हीच ना? तेव्हाही?"

"मला त्यातलं काय कळतं, पोरी. राजा पडला का ते सांग."