पाण्याखालचं घर

मुळा धरण,
डिसेंबर १९७३

छगनच्या आईस,

काल मुंबईची तीन मानसं आली हुती. पाठीवर हवेची नळकांडी बांधून पान्याखाली फिरायचं शिकलेली, सुट्टीत धरनात बुडालेलं तुझं-माझं गाव बघायला आलेली. जागा दाखवायला त्यांनी मला होडीत घेतलं. मारुतीचं देऊळ कुठं ते दाखवलं, मग म्हनलं, "त्या टेकाडासमोर आमचं घर हाय, तेवढं बघा."

एकजन खाली गेला. वर आला, तोंडावरची काच काढून पुसत बसला. मी म्हनलं,

"सांगा की."

"बाबा, मातीच्या भिंती विरघळल्यात. नुसता गाळ आहे."

तू लेकाकडं घोडेगावला निघताना हेच म्हनली हुतीस, "पान्याकडं बघत बसू नका, चला." पर घर खाली उभं हाय, या आशेवर मी काठाला झोपडी घालून ऱ्हायलो. आता तिकडं यावं वाटतं, पर कोनत्या तोंडानं येऊ? तुला वाचता येत न्हाई, सूनबाई हे मोठ्यानं वाचील, म्हनून हे पत्र टपालात टाकीत न्हाई.

ती मानसं उन्हाळ्यात परत येनार हायेत. पुन्हा जागा दाखवशील का इचारलं, मी व्हय म्हनलो. आपल्या गावाचं नाव विचारनारं दुसरं कुनी येत न्हाई.

छगनचा बाप,
पुंजाराम